अठरा पूर्ण झाली, शाळा सुटली: पालकांचे नेहमीचे प्रश्न

बौद्धिक अक्षमता असलेल्या, अठरा ओलांडलेल्या मुलांसाठी आमची कार्यशाळा आहे. दर जूनमध्ये तिथे नवे पालक येतात, प्रश्न मात्र तेच असतात. काही मोठ्याने विचारले जातात, काही मूल पाणी प्यायला बाहेर गेलं की हळू आवाजात. दोन्ही प्रकारचे इथे घेतले आहेत. मी विशेष शिक्षिका आहे, डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. औषध आणि मालमत्ता या दोन बाबतींत माझं ऐकून घ्या, पण शेवटचा शब्द त्या-त्या माणसाचा.

अठरा पूर्ण झाली म्हणून शाळेने दाखला हातात दिला. आता याचं शिक्षण संपलं का?

शाळा संपली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारने रेघ तिथे ओढली आहे, मुलाच्या डोक्याला ती रेघ माहीत नसते. माझा अनुभव तर उलटाच आहे. लहानपणी दहा वर्षं जे डोक्यावरून गेलं, ते सतराव्या-अठराव्या वर्षी हाताला लागायला लागतं आणि नेमकी तेव्हाच शाळा सुटते.

यापुढची जागा म्हणजे कार्यशाळा. तिथे काम शिकतात, करतात, आणि कामाच्या निमित्ताने वेळ पाळणं, रांगेत थांबणं, चुकलं तर सांगणं हेही शिकतात. मात्र 'थोडे दिवस घरी राहू दे, मग बघू' हे करू नका. थोडे दिवस म्हणता म्हणता दिवाळी येते. उठायची वेळ दहावर गेलेली असते, मोबाइल हातातून सुटत नाही, वजन आठ किलोंनी वाढलेलं असतं, आणि बाहेर जायचं म्हटलं की हा दाराची चौकट धरून उभा राहतो. ते सोडवायला पुढचे सहा महिने जातात.

मतिमंद म्हणायचं, गतिमंद म्हणायचं की आणखी काही?

कायद्यातला आजचा शब्द बौद्धिक अक्षमता. जुन्या दाखल्यांवर, शाळांच्या पाट्यांवर मतिमंद आहे, त्यामुळे तो शब्द लगेच जाणार नाही. शब्दापेक्षा एक गोंधळ जास्त नुकसान करतो: बौद्धिक अक्षमता म्हणजे मनोविकार नव्हे. अक्षमता वाढीच्या वयापासून असते, ती आजार नाही आणि औषधाने 'बरी' होत नाही. मनोविकार कुणालाही, कधीही होऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत. एखाद्याला दोन्ही असू शकतं. म्हणूनच 'तो तसाच आहे' म्हणून अचानक झालेला बदल सोडून देऊ नका. हसरा मुलगा महिनाभर जेवत नसेल, झोपत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

रिपोर्टवर आयक्यू ४२ लिहिलाय. म्हणजे सहा वर्षांच्या पोराएवढी बुद्धी ना?

नाही. वीस वर्षांचा मुलगा वीस वर्षांचाच असतो. त्याला वीस वर्षांचा अनुभव असतो, दाढी येते, कुणीतरी आवडतं, अपमान कळतो. चाचणीतल्या आकड्याचा अर्थ एवढाच की शब्द, आकडे, कोडी असल्या कामांत तो कुठवर पोचला.

मराठी मुलांना अजूनही बऱ्याच ठिकाणी बिने-कामत चाचणी देतात. व्ही. व्ही. कामत यांनी ती १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती. सामाजिक प्रौढता मोजणारी व्हाइनलँडची जी श्रेणी आपल्याकडे वापरतात तीही नागपूरला ए. जे. मालिन यांनी इथल्या मुलांसाठी बेतलेली आहे. पालक आयक्यूचा आकडा पाठ करतात आणि ही दुसरी फाइलमध्ये घडी करून ठेवतात. मी आधी दुसरी बघते. स्वतः जेवतो का, रस्ता ओलांडतो का, आंघोळ कोण घालतं, हे तिच्यात असतं.

आमच्याकडे एक मुलगा आहे, त्याला वाचता येत नाही. पण स्टँडवरच्या सात गाड्यांपैकी आपली कुठली ते तो चालकाच्या टोपीवरून, खिडकीच्या तुटक्या काचेवरून ओळखतो आणि इतर तिघांना चढवून देतो. आयक्यूच्या कागदावर याला रकाना नाही.

आणि एक विनंती. वीस वर्षांच्या मुलाला कार्टूनचे टीशर्ट घालू नका. लोक कपड्यांवरून वय ठरवतात, आणि मग तसंच वागवतात.

तो अजून पहिलीचं पुस्तक गिरवतो. अक्षरं पक्की झाली की पुढे जाऊ का?

दहा वर्षं गिरवून जे पक्कं झालं नाही ते अकराव्या वर्षी होईल, या आशेवर फार मुलांचं तारुण्य खर्ची पडतं. पुस्तक बंद करा असं मी म्हणत नाही. त्यातलं काय उपयोगी आहे ते निवडा. स्वतःचं नाव ओळखता येणं, 'पुरुष' आणि 'स्त्रिया' या पाट्या, 'धोका', आईचा मोबाइल नंबर, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, घड्याळातला छोटा काटा एकवर आला की जेवण. एवढं आलं तर मी त्याला साक्षर म्हणेन. ज्यांना खरंच वाचनाची गोडी आहे आणि गती आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे (एनआयओएस) तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत. पण ती हौस मुलाची असावी, काकांना सांगण्यासाठी नको.

शिकवायचं कसं? आम्हीही दहा-दहा वेळा सांगतो, डोक्यात शिरतच नाही.

सांगता, तिथेच घोटाळा आहे. सांगण्याने ही मुलं फार कमी शिकतात.

शर्टाची बटणं घ्या. आपल्याला ते एक काम वाटतं. तोडून बघा: दोन्ही बाजू समोर आणणं, बटण चिमटीत धरणं, काज शोधणं, बटणाची कड काजात घालणं, दुसऱ्या हाताने ती कड पकडणं, ओढणं. सहा कामं झाली. आता उलट्या बाजूने शिकवायचं. पहिली पाच तुम्ही करा आणि शेवटचं ओढणं तेवढं त्याला करू द्या. बटण त्याच्या हातून लागलं, काम पूर्ण झालं, शाबासकी मिळाली. ओढणं जमलं की कड पकडणंही त्याच्याकडे द्या. असं मागून पुढे या. सुरुवातीपासून शिकवलं तर पोर दरवेळी अर्ध्यावर अडतं, आणि त्याच्या लक्षात फक्त अडणं राहतं.

सुरुवात सगळ्यात खालच्या बटणापासून करा, ते डोळ्यांना दिसतं. गळ्याजवळचं दिसत नाही. बाजारात लाकडी चौकटीवर बटणं लावायची खेळणी मिळतात. त्यावर मुलं पटापट शिकतात आणि स्वतःच्या शर्टावर हात बावरतात, कारण टेबलावरचं कापड आपल्याकडे तोंड करून असतं आणि अंगातला शर्ट बाहेर. त्यापेक्षा बाबांचा जुना, मोठ्या बटणांचा शर्ट त्याच्याच अंगात घाला. आणि शिकवायची वेळ म्हणजे खरोखर शर्ट घालायची वेळ. सकाळी सव्वासात, गाडी यायच्या आधी. म्हणून मी म्हणते सगळ्यांना वीस मिनिटं आधी उठवा. घाईच्या घरात कुणीच बटणं शिकत नाही. आई येते, चार सेकंदांत लावून टाकते.

मदतीचीही उतरंड असते. हातावर हात धरून करवून घेणं सगळ्यात मोठी मदत, मग करून दाखवणं, मग नुसती खूण, मग शब्द, आणि शेवटी गप्प उभं राहणं. ते गप्प उभं राहणं आईबापांना सगळ्यात जड जातं. मोजून दहा आकडे थांबा. माझ्या पाहण्यात निम्म्या वेळा मूल सातव्या आकड्याला हात हलवतं.

इथे आलेलं काम घरी येत नाही, अशीही तक्रार असते. एका मुलाला आमच्याकडे कपबशा छान विसळता यायच्या, घरी नाही. घरी जाऊन पाहिलं तर आमचा नळ फिरकीचा आणि त्यांचा दांडी वर उचलायचा. त्याला धुणं येत होतं, नळ येत नव्हता. तो शिकायला तीन दिवस लागले.

हल्ली फार मारतो, वस्तू फेकतो. गोळी सुरू करावी का?

गोळीचं डॉक्टर ठरवतील. त्यांच्याकडे जाण्याआधी पंधरा दिवस एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: आधी काय झालं, याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. बहुतेक वह्यांमध्ये तिसऱ्या रकान्यात उत्तर सापडतं. फेकलं की मोबाइल मिळतो, किंवा फेकलं की नको असलेलं काम टळतं. शब्द नसलेल्या माणसाची ती बोलीच असते, तिच्याऐवजी दुसरी द्यावी लागते. 'नको' म्हणायला हात आडवा करणं, 'थांबूया' म्हणायला एक कार्ड, काहीही.

पण त्याहीआधी दुखणं बघा. आमच्याकडची एक मुलगी रोज जेवणानंतर भिंतीवर डोकं आपटायची. महिनाभर आम्ही वर्तनाचा तक्ता भरला. शेवटी दंतवैद्याने तोंड उघडलं तर मागची दाढ किडून पोकळ झाली होती. तो तक्ता मी अजून जपून ठेवलाय, नव्या शिक्षकांना दाखवायला. दात, कान, बद्धकोष्ठ, पाळीतलं दुखणं आणि डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइड, एवढं तपासून घ्या. आकडीचं औषध सुरू असेल तर 'आता बरा आहे' म्हणून आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

मुलीला पाळीचं समजत नाही. ऑपरेशन करून पिशवी काढून टाकली तर?

हा प्रश्न नेहमी हळू आवाजात येतो आणि विचारणारी आई थकलेली असते, म्हणून मी रागावत नाही. पण उत्तर स्पष्ट आहे: स्वच्छतेसाठी म्हणून पिशवी काढू नका. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींवर अशा शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. आज २०१६ चा कायदा सांगतो की दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येत नाही.

'निदान कुणी काही केलं तर...' हे वाक्य आया अर्धवट सोडतात. ते पूर्ण करू या. पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त तो झाल्याचं कळायचं बंद होतं. अत्याचार बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडून होतो. मुलीला शिकवायचं ते हे: आंघोळीला कोण मदत करेल, अंगाला कोण हात लावेल, आणि नको असेल तर ओरडायचं. जी मुलगी घरात कधीच 'नाही' म्हणू शकत नाही ती बाहेरही म्हणणार नाही. मोठ्यांचं सगळं ऐकणारी शहाणी मुलगी, हे कौतुक आमच्या मुलींना महागात पडतं.

पाळी शिकवता येते. निकरच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याने पॅडच्या मापाची चौकट शिवा, पॅड त्या चौकटीत बसवायचं. पाळी नसतानाच महिनाभर सराव करा. कॅलेंडरवर लाल टिकली तिलाच लावू द्या. पॅड कागदात गुंडाळून कुठे टाकायचं ती जागा बदलू नका. काही मुलींना वर्ष लागतं, काहींना कायम थोडी मदत लागते. ती करायची. फार त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दुसरे, परत फिरवता येणारे उपाय असतात, त्याबद्दल त्यांना विचारा.

मुलगा चारचौघांत स्वतःच्या अंगाशी खेळतो.

वयाची गोष्ट आहे, अक्षमतेची नाही. मारू नका आणि हसूही नका. 'हे खोलीत, दार लावून, एकटा असताना' एवढंच दरवेळी त्याच शब्दांत सांगा आणि घरात त्याला दार लावता येईल अशी जागा द्या. बाहेर असलात तर हातात काहीतरी काम द्या. पिशवी धरायला दिली तरी चालतं.

लग्न करून दिलं तर सुधारेल, असं सासूबाई म्हणतात.

लग्न हा इलाज नाही. समोरच्या घरापासून लपवून तर मुळीच करू नका.

स्टेम सेलची जाहिरात पाहिली. तीन लाखांत मेंदू सुधारतो म्हणतात.

ते पैसे त्याच्या नावाने ठेवा. बौद्धिक अक्षमतेवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही.

कार्यशाळेत काम काय करतात? आणि हातात किती पडतात?

मोसमाप्रमाणे. श्रावणात राख्या, मग फुलवाती, दिवाळीला उटणं आणि पणत्या, एरवी कागदी पिशव्या, फायली, औषधाच्या दुकानांसाठी पाकिटं. कामाचे तुकडे पाडलेले असतात आणि ज्याला जो तुकडा जमतो तो त्याचा.

मोजता न येणारा मुलगा दहा-दहा फुलवातींची पाकिटं कशी भरतो, असं लोक विचारतात. एक लाकडी फळी आहे, तिला दहा खळगे आहेत. प्रत्येक खळग्यात एक वात ठेवायची. सगळे भरले की पाकिटात ओतायचं. आमचा मोजणीवाला चारच्या पुढे मोजत नाही, आणि गेल्या दिवाळीत त्याच्या एकाही पाकिटात नऊ किंवा अकरा निघाल्या नाहीत. खळगा रिकामा दिसला की तो अस्वस्थ होतो. घरी याच स्वभावाला हट्ट म्हणत होते.

पैशाचं खरं सांगते: विद्यावेतन थोडं असतं, त्यावर कुणाचं घर चालत नाही. तरी ते पाकीट मुलाच्याच हातात द्या. घरी नेऊन त्यातून त्याला भजी आणायची असतील तर आणू द्या. आणि ग्राहकांना सांगणं असं की 'बिचाऱ्यांनी केलंय' म्हणून वाकडी पणती घेऊ नका. परत करा. आम्ही नीट करून देऊ.

बाहेर नोकरी मिळते का? काहींना मिळते: हॉटेलच्या स्वयंपाकघरात, पॅकिंगला, किराणा दुकानात माल लावायला. सुरुवातीचे काही आठवडे आमच्यातलं कुणीतरी तिथे सोबत उभं राहतं आणि हळूहळू मागे सरकतं. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मनोविकार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. त्यासाठी स्पर्धा परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे तो आमच्या बहुतेक मुलांपर्यंत पोचत नाही. कागदावर आहे, एवढं म्हणता येईल.

आम्ही त्याचे आईबाप आहोत. मग कायदेशीर पालकत्व वेगळं कशाला?

कारण अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याच्या नजरेत तो सज्ञान असतो आणि तुम्ही त्याचे पालक उरत नाही. हे बँकेत खिडकीपाशी कळतं. मुलाच्या नावे ठेवलेली ठेव मुदत संपून पडून असते, सही त्याची हवी, आणि तो अंगठाही एकसारखा उठवत नाही. एका बाबांना त्यासाठी चार हेलपाटे घालावे लागले. पाचव्यांदा ते मुलालाच घेऊन गेले आणि मुलाने तिथल्या पाण्याच्या यंत्राचं बटण दाबून धरलं. त्या दिवशी मात्र साहेब लगेच भेटले.

राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायदा, १९९९ हा बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. तिच्याकडे अर्ज केला की पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं आणि बँका ते ग्राह्य धरतात. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्षानंतर हिशेब. पुष्कळ पालक प्रमाणपत्र फ्रेम करतात आणि हिशेब विसरतात.

ज्याला थोडी मदत मिळाली की स्वतः ठरवता येतं, त्याच्यासाठी २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. म्हणजे निर्णय त्याच्याशी बोलून घ्यायचा. सौम्य अक्षमता असलेल्या मुलांचे पालकही सरसकट सगळे अधिकार मागतात. गरज नसेल तर मागू नका. मतदान हाही त्याचा हक्क आहे, यादीत नाव घाला.

बाकी कागद कोणते?

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, आधी. लहानपणीचा दाखला असेल तर अठरा झाल्यावर सिव्हिलमध्ये पुन्हा तपासणी करून घ्या. सीमारेषेवरच्या मुलांना २५ टक्के लिहून येतात आणि ४० च्या खाली असल्याने त्यांच्या हाती काहीच लागत नाही. शाळेत मागे पडलेली आणि सवलतीतही न बसणारी ही मुलं मधल्यामधे लोंबकळतात, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना घ्या, १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, मात्र नूतनीकरण विसरू नका. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालय. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर निवृत्तीच्या आत मुलाचं नाव निवृत्तिवेतनाच्या कागदांत लावून घ्या. स्वतः कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं, आणि तुम्ही गेल्यावर ते लावणं दसपट अवघड होतं. जुन्या करप्रणालीत अशा मुलाच्या पालकांना आयकरात ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची.

आमच्यानंतर याचं कोण?

उरलेले सगळे प्रश्न याच्याच पोटातून येतात. 'त्याची बहीण बघेल' हे बहिणीला विचारलंय का? तिच्यासमोर, तिच्या नवऱ्यासमोर, पैशाचा आकडा सांगून विचारा. ती नाही म्हणाली तरी ती वाईट होत नाही. मृत्युपत्र करा, जमलं तर त्याच्या नावाने न्यास करा, आणि एकाच माणसावर सगळं टाकू नका. पैसे एकाने सांभाळावेत, मुलाला दुसऱ्याने.

निवासी जागा आहेत, पण गरजेच्या मानाने फार थोड्या. मुळशी तालुक्यात कोळवणला साधना व्हिलेज आहे, १९९४ पासून प्रौढ मुलं तिथे घरासारखी राहतात. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच एकत्र येऊन घरकुल उभं केलं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर तर टाकून दिलेल्या मुलांना आपलं आडनाव लावत आले. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. जागा बघायला जाल तेव्हा फरशी किती चकाचक आहे ते बघू नका. दुपारी तीन वाजता, न कळवता जा आणि मुलं काय करताहेत ते बघा.

तयारी मात्र आजपासून होते, आणि ती कागदाची नाही. चाळिशीपर्यंत आईशेजारीच झोपलेला मुलगा आई गेल्याच्या रात्री एकदम दोन गोष्टी गमावतो. त्याला वेगळ्या अंथरुणावर झोपायची सवय लावा. वर्षातून दोनदा दोन रात्री मावशीकडे ठेवा, मग चार. दुसऱ्याच्या हातचं जेवू द्या.

भेटायला कधी आणि काय घेऊन येऊ?

कधीही, पण त्याला घेऊनच. यूडीआयडी, जुने रिपोर्ट, सुरू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणा. आणि त्याचा डबा आणा, रोजचाच. एक वाजता सगळे जेवायला बसतात तेव्हा तोही बसेल. तुम्ही ऑफिसात माझ्याजवळ बसा. झाकण घट्ट असलं तर असू द्या.